होळी ते पाडवा इंदूरहून निघताय? आधी हवा वाचा

जानेवारी सरत आला की राजेंद्रनगर, रामबाग, लोकमान्य नगर इथल्या मराठी घरांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कुणाला मुलांच्या परीक्षा उरकल्या की काश्मीर करायचं असतं, कुणाला आईवडिलांना वैष्णोदेवीला न्यायचं असतं, कुणाला कोकणात मामाकडे. आणि मग ठरलेला प्रश्न: "काकू, आत्ता तिकडे हवा कशी असते हो?" आमच्या भागातल्या मंडळींच्या तिकिटांची आणि बॅगांची उस्तवारी मी बरीच वर्षं करते आहे. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. विशेषतः पुण्या-नागपूरहून नोकरीला किंवा लग्न होऊन इंदुरात आलेल्यांसाठी, ज्यांना इथला फेब्रुवारी अजून अंगवळणी पडलेला नाही.

गंमत अशी की फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत देशात एक हवा नसतेच. मार्चच्या एकाच दिवशी गुलमर्गला बर्फ पडत असतो, मुंबईत घामाच्या धारा लागतात, गुवाहाटीत पाऊस असतो आणि आपण इंदुरात दुपारी पंखा नि पहाटे गोधडी घेऊन असतो. म्हणून "मार्चमध्ये तिकडे सरासरी किती?" एवढंच विचारून बॅग भरू नका. ठिकाणाची उंची, समुद्र, वारा आणि रात्रीचं तापमान, या चार गोष्टी पाहिल्या की तिकडची हवा घरबसल्या कळते.

१. तारीख इंग्रजीत ठरवा

हवामान खात्याच्या हिशेबात वसंत नाहीच. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे पावसाळ्यापूर्वीचा तापता काळ, जून ते सप्टेंबर पावसाळा आणि मग परतीच्या पावसाचे तीन महिने. पंचांगात वसंत येतो चैत्र-वैशाखात, पण वसंतपंचमी माघात, जेव्हा इंदुरात सकाळच्या पोह्यांच्या गाडीजवळ लोक अजून कानटोपीत उभे असतात. तेव्हा "वसंतात जाऊ" हे बोलायला छान, तिकिटाला निरुपयोगी.

इथं नवख्यांची आणखी एक फसगत होते. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या मंडळींचा पौर्णिमेला. त्यामुळं होळी झाली की दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्यांचा चैत्र सुरू, आणि आपल्या भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत पाडव्यापर्यंत फाल्गुनच. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते ती रंगपंचमी आपल्या लेखी फाल्गुन वद्य, त्यांच्या लेखी चैत्र कृष्ण. ऑफिसमधले सहकारी "चैत लगते ही निकलेंगे" म्हणाले तर तुमचा नि त्यांचा पंधरवड्याचा घोळ होणार, आणि या काळात पंधरा दिवस म्हणजे स्वेटर आणि कूलर यांच्यातलं अंतर. इंदुरात फेब्रुवारीची दुपार साधारण २९ अंशांची, मार्चची ३४-३५, एप्रिलची ३८-३९.

शिवाय वर्षावर्षांत फरक पडतो. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचा सर्वांत तापलेला मार्च ठरला. देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१ अंशांवर गेलं, गव्हाचा दाणा शेतातच आकसला आणि त्या मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीनंही दुपारच्या तापमानाचा तसाच उच्चांक केला. तेव्हा "आम्ही गेलो होतो तेव्हा छान थंडी होती" ही आत्याची साक्ष किती सालची आहे ते आधी विचारा.

२. उंची काढा

फोनमध्ये जागेचं नाव आणि 'समुद्रसपाटीपासून उंची' एवढं टाकलं की आकडा मिळतो. ढोबळ हिशेब: हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे. उटी साधारण २,२४० मीटरवर, म्हणजे नुसत्या उंचीनंच दहा-अकरा अंशांचा फरक. शिमला नि मनाली दोन हजारांच्या वर, आणि ती उत्तरेला असल्यामुळं आणखी गार. लेह साडेतीन हजारांवर, तिथं मार्चच्या रात्री शून्याखाली असतात.

खात्री करायची असेल तर कुठं लांब जायला नको. मार्चमधल्या एखाद्या रविवारी महूवरून जाम गेटला जा. दरवाजाच्या कमानीखाली उभं राहिलं की वाऱ्यानं ओढणी अंगावर ठरत नाही, भुट्टेवाल्याच्या शेगडीपाशी उभं राहावंसं वाटतं. मग घाट उतरून मंडलेश्वर-महेश्वरकडे निघा. काचा खाली ठेवा. वळणागणिक वारा कोमट होत जातो, खाली सपाटीला लागलात की तोच वारा तोंडावर गरम येतो, आणि महेश्वरच्या घाटाच्या दगडी पायऱ्यांवर दुपारी अनवाणी उभं राहवत नाही. आपण माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरलो, एवढंच झालं. खरगोनचं नाव उन्हाळ्यात राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतं ते उगीच नाही.

पचमढीबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. ती हजार मीटरच्या थोडी वर आहे, म्हणजे इंदूरपेक्षा तीन-चार अंश कमी, बस. एप्रिलच्या शेवटी तिथं शाली घेऊन जाणाऱ्यांना मी तरी अडवत नाही.

३. समुद्र जवळ आहे की लांब

समुद्रापासून लांब, कोरड्या जागी दिवस तापतो आणि रात्री उष्णता पटकन निघून जाते. इंदूर, पुणे, जयपूर, दिल्ली या सगळ्यांचं मार्चमध्ये हेच. दुपार नि पहाट यांत सतरा-अठरा अंशांचाही फरक पडतो. जुने लोक शब-ए-मालवा म्हणत, ती रात्र याच कोरडेपणाची. किनाऱ्यावर उलटं: आकडा ३२-३३ दिसतो, पण हवेत ओल इतकी की घाम वाळत नाही आणि रात्रही उतरत नाही. इंदूरची ३७ अंशांची दुपार झाडाखाली निभते, चेन्नईची ३४ अंशांची निभता निभत नाही. म्हणून किनाऱ्यावर जाताना कमाल तापमानाच्या शेजारी आर्द्रता लिहिलेली असते ती जरूर बघा.

मुंबईबद्दल एक वेगळी सूचना. तिथं रोज सकाळी उशिरा समुद्राकडून वारा सुरू होतो आणि पारा आवरतो. मार्चमध्ये कधीकधी जमिनीकडून, पूर्वेकडून जोराचा वारा येतो आणि समुद्राचा वारा दुपारपर्यंत अडतो. असं झालं की मुंबई चाळिशी गाठते. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले होते. "मुंबईत काय, समुद्र आहे" म्हणून आजीआजोबांना भर दुपारी लोकलनं फिरवू नका.

४. पश्चिमेकडून काय येतंय ते विचारा

या काळातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ एकच, ते म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारी वादळी हवा इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्या उत्तरेत येते. हिवाळ्यात ती काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि पंजाबात पाऊस देते. मार्चमध्येही तिचं येणं चालूच असतं, कधी एप्रिलमध्येसुद्धा.

इंदूरला बसून तुम्हाला ती दोनदा जाणवते. येताना: रात्री अचानक उबदार होतात, आभाळ पांढुरकं होतं, लोक म्हणतात "थंडी गेली". आणि ती पुढं सरकल्यावर: उत्तरेचा वारा मोकळा होतो आणि दोन दिवसांत पारा खाली. कपाटात ठेवलेली गोधडी पुन्हा बाहेर. इथल्या जुन्या बायका होळी पेटल्याशिवाय गोधड्या उन्हात घालून बांधत नाहीत, ते याचमुळं असणार.

गारपीटही याच हवेची देणगी. मार्चमध्ये जमीन तापलेली असते, समुद्राकडून ओला वारा खालून येतो आणि वरच्या थरात विक्षोभाची गार हवा असते. असा जोड जमला की ढग उंच चढतात आणि उभ्या गव्हावर गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे गारपिटीनं रब्बीची दाणादाण उडवली होती. गावाकडे कुणी शेती करत असेल तर मार्चमधल्या ढगांकडे ते कोणत्या नजरेनं बघतात हे वेगळं सांगायला नको.

प्रवासासाठी यातून घ्यायचं ते असं: काश्मीर, हिमाचल किंवा उत्तराखंडचं तिकीट काढलं असेल तर निघायच्या आठवड्यात बातम्यांत 'पश्चिमी विक्षोभ' हे दोन शब्द शोधा. येणार असेल तर पहिले दोन दिवस ओले, रस्ते बंद होण्याची शक्यता. नुकताच गेला असेल तर आकाश धुतलेलं, पण रात्री कडक. सहलीला दुसरा प्रकार उत्तम.

५. आता गाडीप्रमाणे देश बघू

मी हवा गाड्यांच्या नावानं लक्षात ठेवते. सोपं जातं.

*मालवा एक्सप्रेस.* महूहून निघून थेट वैष्णोदेवी कटऱ्यापर्यंत. एका रात्रीत तुम्ही उन्हाळ्याच्या दारातून हिवाळ्याच्या शेपटात जाता, म्हणून सर्वांत जास्त फसगत याच गाडीत होते. देवीचं भवन सुमारे १,५८० मीटरवर आहे, चढ कटऱ्यापासून बारा-तेरा किलोमीटरचा. चढताना घाम येतो म्हणून लोक स्वेटर कमरेला बांधतात किंवा हॉटेलात ठेवतात, आणि रात्री दर्शनाच्या रांगेत ओल्या बनियनवर गार वारा लागतो. ज्येष्ठांना हमखास ताप येतो तो इथं. एक कोरडा बनियन आणि मफलर पिशवीत हवाच.

पुढं काश्मीर. मार्च-एप्रिल म्हणजे फुलं, हे खरं. पण तिकडचे सर्वांत ओले महिनेही हेच, हे टूरवाले सांगत नाहीत. श्रीनगरच्या बदामवारीत मार्चमध्ये बदाम फुलतो. जबरवानच्या पायथ्याची ट्युलिपची बाग साधारण मार्चच्या अखेरीस उघडते आणि फुलं तीन-चार आठवड्यांत आटोपतात. उघडण्याची तारीख दरवर्षी हवेप्रमाणे बदलते, तेव्हा ट्युलिपसाठीच जात असाल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा धरा. जम्मू-श्रीनगर रस्ता पावसात रामबनच्या आसपास दरडींनी बंद पडतो. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली, त्यामुळं जीव थोडा भांड्यात पडला आहे, तरी परतीच्या विमानाच्या किंवा गाडीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवाच. लडाखच्या वाटेवरचा झोजिला ३,५२८ मीटरवर आहे. तो हिवाळ्यात बर्फानं बंद होतो आणि कधी उघडेल ते बर्फ ठरवतो. मार्च-एप्रिलमध्ये लेहला जायचं तर विमानानं जा आणि उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसते आराम करा. तिथं विरळ हवेचा त्रास तरण्याताठ्यांनाही होतो.

हिमाचलात मार्चच्या सुरुवातीला मनालीत बर्फ मिळू शकतो, महिनाअखेर तो वर सरकतो. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लोक बर्फ बघायला पलीकडे लाहौलमध्ये जातात, पण ताजा बर्फ पडला की तो रस्ताही वाहनांना थांबवतो. उत्तराखंडात बुरांसाची लाल फुलं याच दिवसांत. आणि एक सूचना ठळक अक्षरांत वाचा: चारधाम या काळात बंद असतं. गंगोत्री-यमुनोत्रीची दारं अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात, केदारनाथ-बद्रीनाथचीही एप्रिलअखेर ते मे. पाडव्याला केदारनाथ करू म्हणणारं कुणीतरी दरवर्षी भेटतंच.

*अवंतिका एक्सप्रेस.* मुंबई नि तिथून कोकण. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कोकणात पहाटे गारवा असतो, आंब्याचा मोहोर फुललेला असतो. हापूस खायला जायचं असेल तर एप्रिल, आणि मग उकाड्याची तक्रार करायची नाही. सुती, सैल, रंग न जाणारे कपडे घ्या. अंगाला घोळणारे नायलॉनचे कुर्ते इंदूरच्या कोरड्या हवेत चालतात, रत्नागिरीत त्यांचा काच होतो.

*पुण्याची गाडी.* इथं फार सांगण्यासारखं नाही, पुण्याची हवा बरीचशी आपल्यासारखीच. दुपार कडक, पहाट बरी. मार्चच्या उत्तरार्धापासून दुपारी चारनंतर वळीव येऊ शकतो. सासर-माहेर करणाऱ्यांना हे माहीत असतंच. विदर्भ मात्र वेगळा: नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिलमध्ये लग्नाला जाताना मुहूर्त दुपारचा असेल तर आहेराबरोबर लिंबू-मीठही न्या.

*शिप्रा एक्सप्रेस.* हावड्याला जाणारी. बंगाल, झारखंड, बिहार, ओडिशा इथली या काळातली खास गोष्ट म्हणजे कालबैशाखी. छोटा नागपूरच्या पठारावर तापलेली हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी ओल एकत्र येऊन दुपारी उशिरा वायव्येकडून काळाकभिन्न ढग येतो, तासा-अर्ध्या तासात झाडं मोडतील इतका वारा, विजा, कधी गारा. मार्चमध्ये क्वचित, एप्रिल-मेमध्ये वारंवार. यानंतर संध्याकाळ गार होते, म्हणून कोलकात्याचे लोक तिची वाटही बघतात. फिरणं सकाळी उरका, चारनंतर हुगळीवर नाव किंवा मोकळं मैदान नको.

*कामाख्या एक्सप्रेस.* महूहून गुवाहाटीकडे. ईशान्येत मार्चपासूनच पाऊस सुरू होतो, आणि एप्रिलमध्ये तो पाहुण्यासारखा नसतो, घरच्यासारखा असतो. आसामात बिहूच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, येणाऱ्या वादळाला बोरदोईसिला म्हणतात. माहेरी निघालेली आणि पुन्हा सासरी परतणारी बाई, अशी तिची कल्पना आहे. चेरापुंजीत पावसाळ्याची वाट न बघता आधीच भरपूर पाऊस पडतो. रेनकोट, लवकर वाळणारे कपडे आणि पायात पकड असलेली चप्पल घ्या. दिवस लवकर मावळतो हेही लक्षात ठेवा. इंदुरात साडेसहाला उजेड असतो, गुवाहाटीत मार्चमध्ये तोवर अंधार. सिक्कीमला जाणार असाल तर बुरांस, म्हणजे तिकडचा गुरांस, मार्च ते मे फुलतो, उंचीप्रमाणे खालून वर.

*अहिल्यानगरी एक्सप्रेस.* केरळपर्यंत. ही गाडी नागपूरमार्गे तेलंगण-आंध्रातल्या तापट पट्ट्यातून जाते, तेव्हा एप्रिलमध्ये वातानुकूलित डब्यावर पैसे खर्च करा, बाकी कुठंही वाचवा. दक्षिणेत थंडी संपून उन्हाळा येतो असं काही घडतच नाही, आधीच असलेली ऊब वाढते. बंगळुरूचा सर्वांत गरम महिना एप्रिल, मे नव्हे. मग दुपारनंतर विजांसह सरी येतात आणि हवा निवते. केरळ-कर्नाटकात मार्च-एप्रिलमध्ये पडणाऱ्या सरींना आंबेसरी म्हणतात, आणि कोडगूत याच सरींनी कॉफीची पांढरी फुलं उमलतात. मुन्नार, उटी, कोडगू या उंच जागा या काळात दक्षिणेतल्या सर्वांत सुखाच्या.

राजस्थान नि कच्छ फेब्रुवारीत उरका. जैसलमेरच्या रात्री तेव्हा गार असतात, मार्चच्या मध्यानंतर दुपारी वाळूवर उभं राहवत नाही, आणि एप्रिलपासून लू नि आंधी. अंदमान मार्च-एप्रिलमध्ये छान, समुद्र शांत. मे उजाडल्यावर मोसमी पाऊस तिथं सगळ्यांत आधी पोचतो.

आणि कुठंच जायचं नसेल तर होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडे भगोरिया हाट, म्हणजे आदिवासींचे होळीचे बाजार, बघा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला असतो. सकाळी लवकर निघा, टोपी घ्या, उन्हं डोक्यावर यायच्या आत सावली धरा.

६. अंदाज वाचायला शिका

फोनमध्ये आलेलं ढगाचं चित्र म्हणजे अंदाज नव्हे. हवामान खात्याचं 'मौसम' हे ॲप घ्या. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' घ्या, ते आसपासच्या विजांची सूचना देतं. आपल्या राज्याचा अंदाज भोपाळच्या केंद्राचा, पण जायचं आहे तिथलं केंद्र वेगळं असतं: काश्मीरसाठी श्रीनगर, हिमाचलसाठी शिमला. तिथलाच बघा.

रंग चार. हिरवा: काही नाही. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा, कार्यक्रम बदलायची वेळ येऊ शकते. लाल: बाहेर पडू नका. नवखे पिवळ्याला घाबरतात आणि नारिंगीला हसतात.

शब्दांकडेही बघा. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर. तुमचा दिवस कोरडा जाण्याची शक्यता जास्त. 'बहुतांश ठिकाणी' असेल तर छत्रीशिवाय जाऊ नका. चार-पाच दिवसांपुढचा अंदाज तासावर धरू नका. खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा कल सांगतं आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मेचा अंदाज देतं. तिकीट काढण्यापूर्वी तो ऐकावा, पण त्यावरून 'बारा तारखेला पाऊस' असं कुणी सांगू लागलं तर सोडून द्या.

उष्णतेची लाट कधी म्हणतात? मैदानात किमान ४०, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३० अंश गाठले पाहिजेत आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असलं पाहिजे. पारा ४५ वर गेला तर मैदानात तसंही लाटच. आणि हे तापमान सावलीत, जाळीच्या पेटीत मोजलेलं असतं. तुम्ही उन्हात, डांबरावर उभे असता.

७. बॅग

- एक जाड गरम कपडा, त्याखाली दोन पातळ. एकच मोठं जॅकेट घेतलं की दुपारी ते हातात वागवावं लागतं.
- कानटोपी किंवा मफलर. हिमालयात जाताना दोन्ही.
- सुती उपरणं किंवा ओढणी. ऊन, धूळ, गार वारा, तिन्हीला चालते.
- छत्री. ईशान्येला आणि काश्मीरला रेनकोटही.
- क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं. एप्रिलमध्ये कुठंही.
- बर्फात काळा चष्मा. चकाकीनं डोळे लाल होतात.
- ज्येष्ठांची औषधं हातातल्या पिशवीत, सामानात नव्हे.

खिशातला कांदा लू लागू देत नाही म्हणतात. ठेवा हवं तर, पण पाणी प्या.

८. कागद

आधार मूळ प्रत. त्याबरोबर मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट आणि चार फोटो, कारण सिक्कीमच्या सीमाभागासाठी परवाना लागतो. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, आधीच काढा. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. हे हवामानाच्या लेखात का, तर रस्ता बंद झाल्याचा निरोप फोनवरच येतो. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. हॉटेलचं आरक्षण करताना रद्द करायची मुदत विचारून घ्या, डोंगरात ती जितकी उशिराची तितकी बरी.

९. वाटेत गाठ पडलीच तर

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ताबडतोब पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबा. झाडाखाली उभं राहू नका. मध्य प्रदेशात वीज पडून दरवर्षी बरीच माणसं दगावतात, त्यांतली कित्येक पावसापासून वाचायला झाडाखाली गेलेली असतात. गारा सुरू झाल्या तर गाडी बाजूला घ्या, पण झाडाखाली किंवा पत्र्याच्या फलकाखाली नको.

ऊन लागलं, घाम थांबला, माणूस असंबद्ध बोलू लागला तर पन्हं करत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा. शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजायचं नाही.

१०. परतीची बॅग वेगळी भरा

हे कुणी करत नाही. कटऱ्याहून निघताना अंगावर स्वेटर असतो, दिल्ली-आग्रा ओलांडेपर्यंत तो निघतो आणि भोपाळच्या पुढं माणूस घामाघूम होऊन डब्यात सुती कपडे शोधत असतो, सुती कपडे मात्र मोठ्या बॅगेच्या तळाशी, बर्थच्या खाली, साखळीला कुलूप लावून. कटऱ्याला सामान बांधतानाच एक सुती जोड, टॉवेल आणि पाण्याची बाटली हातातल्या पिशवीत काढून ठेवा. आणि इंदुरात पोचायच्या आदल्या संध्याकाळी घरी कुणाला तरी फोन करून कूलरची खस पाण्यात घालायला सांगा. एप्रिल असेल तर त्याच रात्री तो लागेल.